अर्धा ग्रॅम

लिटल रॉकच्या प्रयोगशाळेत ओडेसा प्रुइट
बाळाच्या पेजेची तांदूळ-पूड तोलते.
अर्धा ग्रॅम. बाळाच्याच चिमटीत मावेल इतकी.
आम्लात ती विरते, निवळते,
पाण्यासारखी निरागस होते.
मग ज्योत, सूर्याच्या पाठीहून तापलेली.

डब्यावर हसरं अस्वल होतं.
इथे नुसता आकडा: नमुना एकशे बारा.

आजोबा सांगायचे,
रात्री दव उतरलं की खेचरं जुंपायची,
कापसावर पांढरी भुकटी उडवत जायचं;
ओल्या पानाला ती धरून बसते.
बोंडातला भुंगा मरायचा.
पहाटे खेचरांच्या पापण्या पांढऱ्या,
आजोबांच्याही.

कापूस गेला. भुंगा गेला.
खेचरं तर कुणाला आठवतसुद्धा नाहीत.
भुकटी तेवढी मातीनं गाठीला बांधून ठेवली,
आता भाताच्या मुळांना सोडते,
थोडी थोडी,
घास भरवावा तशी.

पडद्यावर आर्सेनिकची रेघ चढते.
ओडेसा नमुना पुन्हा लावते.
रेघ तिथंच जाते.
ती आकडा लिहिते, खाली सही करते,
हातमोजे काढायचे विसरते.

एकशे बाराचा डबा तिनंच घरून आणलाय.
अर्ध्यावर आलेला.
पुडीत अजून
चमच्याचा खळगा आहे.