रकाना सात

फितीचं एक टोक गोमा म्हात्रेनं धरलं, दुसरं मी.
पूर्व-पश्चिम एकोणतीस मीटर, चाळीस सेंटीमीटर.
उत्तरेची भिंत वाकडी. वाकडीच लिहिली.
डोंगरीतल्या पत्र्याच्या दुकानांचा खणखणाट
ह्या भिंतीपाशी येतो
आणि चपला काढून आत बसतो.

रकाना सात : जागेचा वापर.
खाली बारीक अक्षरांत : एकच लिहावा.

मधोमध हौद. हौदातून चार पाट,
हातभर रुंद, निळ्या फरशीचे,
चार दिशांना निघालेले, पण घाईत नाहीत.
कुलसूमबानू म्हणाल्या, याझ्दहून त्यांचे पणजोबा आले
ते एक पेटी आणि उताराचा हिशोब घेऊन :
शंभर हातांना एक बोट.
जास्त दिलं तर पाणी पळतं, कमी दिलं तर रुसतं.
मी लेव्हल लावून पाहिली.
बोटभरच.

लिहिलं : पाणीपुरवठा.

तोवर नमाजाला आलेले काठावर बसून
कोपरापर्यंत हात धुऊ लागले. खोडलं. लिहिलं : धार्मिक.
मग समोरच्या चाळीतली चार पोरं आली,
दहावीची पुस्तकं घेऊन, थेट तुतीखाली,
जशी काही जागा त्यांच्या नावावर आहे.
खोडलं.
मग बायका आल्या, चादरीची चार टोकं धरून,
गोमानं फांदी हलवली
आणि काळ्या तुतींचा सडा पडला टपटप,
अर्ध्या चादरीत, अर्ध्या पोरांच्या भूमितीवर.

दुपारी वारा हौदावरून थंड होऊन
जाळीतून पलीकडे जातो, अब्बास टेलरच्या माळ्यावर.
बारा ते तीन तिथला पंखा बंद असतो.
हिवतापवाले येतात, हौदात डोकावतात,
माशांनी अळ्या खाल्लेल्या असतात,
सही करून चहा पिऊन जातात.
आणि मागच्या बुधवारी, गोमा हळूच म्हणाला,
मशीनवाल्या हैदरभाईंचा जनाजा
इथंच थोडा वेळ ठेवला होता, सावलीत.
पोरं त्या दिवशी मनातल्या मनात वाचत होती.

कोपऱ्यात सरू हवा होता, नकाशात तसा आहे.
खाऱ्या वाऱ्यात तीनदा लावला, तीनदा वाळला.
मग गोमाच्या बापानं उरणहून सुरूचं रोप आणलं.
एका उकाराचा फरक,
बानूंच्या सासूबाईंनी चालवून घेतला.

गेटपाशी पांढऱ्या गाडीतला माणूस
मघापासून घड्याळ बघत होता. जवळ आला.
"बांधकाम शून्य, मॅडम. मोकळी जागा लिहा, संपवा."

मोकळी.
आमच्या नागावच्या परसात
न्हाणीचं पाणी केळीला, केळीचं पान पंगतीला,
उष्टी पानं म्हशीला, म्हशीचं शेण पुन्हा केळीला.
धुण्याच्या दगडावर मी पाढे पाठ केले,
त्याच दगडावर आईने आंबोशी वाळवली.
त्या परसाचा वापर काय,
असं विचारायला कुणी फीत घेऊन आलं नव्हतं.

माझ्या मांडीवर दप्तर.
दप्तरात जमीन, हद्द, नकाशा, शिक्का, शेरा :
सगळे शब्द त्याच मुलखातून आलेले,
ह्या पाटांसारखेच, इतका सावकाश उतार धरून
की आपल्यात कधी मिसळले, कळलं नाही.
आणि त्यांच्याच हातानं मी आता
ह्या बागेला मोकळी म्हणणार?

कोरा सोडला तरी कार्यालयात कुणीतरी
मोकळीच समजेल.

बानूंनी वाटीत तुती दिल्या, मीठ लावून.
खाल्ल्या. बोटं जांभळी झाली.
रकाना सातमध्ये, खाडाखोडीच्या वर
उरलेल्या जागेत एकच लिहिलं :

वापर चालू आहे.

साहेब विचारतील, कसला?
आणि हा कागदावरचा डाग कसला?
गोमा फीत गुंडाळत होता.
ओली झाली होती ती, वास येत होता
थोडा शेवाळाचा, थोडा
कुणाच्या तरी धुतलेल्या हातांचा.