अंगठा

लोरेन, ओहायो. कम्युनिटी कॉलेजचं तळघर,
खोली बी-चौदा. मंगळवार, संध्याकाळचे साडेपाच.
बाहेर सरोवरावरचा वारा
पार्किंगमध्ये पसरलेलं मीठ गाड्यांच्या काचांवर मारतोय.
आत सोळा संगणक, अकरा माणसं,
आणि मी. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर माझं नाव,
जे इथे कुणालाच एका दमात म्हणता येत नाही.

जुनी प्रणाली जानेवारीत बंद होणार,
हे मी सहा आठवडे सांगत फिरतेय
दवंडी दिल्यासारखं.
लोक मान डोलावतात आणि जुनीच उघडतात.

पुढच्या रांगेत येसेनिया, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
मांडीवर बाळाची पिशवी, बाळ मावशीकडे.
मागे, अगदी भिंतीलगत, व्हर्नन कोवाल्चिक.
एकतीस वर्षं वेल्डिंग शिकवतोय.
माऊस असा धरलाय
जणू घरट्यातून पडलेलं पिल्लू.

"आता फोनवर अंगठा ठेवा," मी म्हणते.
दहा फोन उघडतात.
अकरावा थरथरतो, नाही म्हणतो.
पुसून पुन्हा. डावा. पुन्हा.
व्हर्नन अंगठा दिव्याखाली धरतो:
गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा.
रेषा कधीच ठिणग्यांनी नेल्या.
"हे म्हणतंय, मी कुणीच नाही," तो हसतो,
पण त्याचे कान लाल झालेत.

आमच्या इचलकरंजीच्या शाळेत रावबा शिपाई होता.
पगाराच्या दिवशी हेडमास्तरांच्या टेबलावर
जांभळं स्टॅम्प पॅड उघडायचं.
अंगठेबहाद्दर, आम्ही पोरं म्हणायचो,
त्याला ऐकू जाईल इतक्या हळू.
तो काही बोलायचा नाही.
घंटेखालच्या चुन्याच्या भिंतीला अंगठा पुसायचा.
सुट्टीत आम्ही ते डाग मोजायचो,
एकेक डाग, एकेक महिना.

तिथे ज्याचा अंगठा उमटायचा तो अडाणी.
इथे ज्याचा उमटत नाही तो.
हे व्हर्ननला सांगायला गेले
आणि 'बहाद्दर'पाशीच अडकले.
त्या शब्दात किती शाबासकी आणि किती चिमटा
हे इंग्रजीत कसं मोजून द्यायचं?
राहू दे.

मग सहा आकड्यांचा मार्ग काढला.
व्हर्ननने खिशातून चपटा खडू काढला,
लोखंडावर रेघ आखायचा,
आणि आकडे लिहिले बुटाच्या टोकावर.
आमच्या पुस्तिकेत, पान नऊ:
संकेतांक कागदावर लिहून ठेवू नये.
बुटाबद्दल काही म्हटलेलं नाही.

साडेआठला सगळे गेले. येसेनिया थांबली.
तिची बस नऊ दहाची होती, म्हणाली.
त्याच्याशेजारी खुर्ची ओढून
त्याच्या मनगटावर हात ठेवला,
सुई टोचायच्या आधी पेशंटचा धरतात तसा:
"घाई नाही. आता खाली. आता दाबा."
चौदा मुलांचे गुण एकेक करत वर चढले.
बाराव्याला त्याने चूक केली, शिवी दिली,
माफी मागितली, स्वतःच दुरुस्त केली.
नऊ दहाची बस गेली.
तो तिला ट्रकमधून घरी सोडून आला.

पुढच्या मंगळवारी माझ्या टेबलावर
वर्तमानपत्रात गुंडाळलेली पोलादाची पट्टी.
दोन तुकडे जोडलेले, जोडावर
नाणी आडवी रचावीत तशी ओळ,
आणि कडेला हातोडीने ठोकलेलं: व्ही के सात.
"ज्याचा जोड, त्याचा शिक्का," व्हर्नन म्हणाला.
"उद्या पूल पडला तर कळायला हवं ना, कुणाला शोधायचं."
त्या अक्षरांवरून मी अंगठा फिरवला.
गार होती.

बी-चौदाचं दार कार्डाशिवाय उघडत नाही
आणि निम्म्या लोकांची कार्डं अजून चालत नाहीत.
अर्ज केलाय. विचार सुरू आहे म्हणतात.
तोवर मंगळवारी सव्वापाचला
मी ती पट्टी
दार आणि चौकटीच्या मधे सरकवून ठेवते.