काळी पाच

डॉर्सी फॉल्समध्ये धबधबा नाही.
कधीच नव्हता. नाव ज्यानं ठेवलं
त्याला जमिनी विकायच्या होत्या.
आहे तो एक फायबरचा कॅटफिश,
बावीस फूट, पेट्रोल पंपाला खेटून.
मिशा दोनदा चोरीला गेल्या,
आता तिथे बागेतल्या पाइपचे तुकडे.
वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या ४१२;
दोनाचा एक कुणीतरी खडूनं करतं,
पाऊस पुसतो, पुन्हा करतं.

मी पियानो सुरात लावतो.
नेब्रास्काभर हिंडतो. चर्च, शाळा, वृद्धाश्रम.
फोन आला तो अग्निशमन ठाण्यातून :
"आमच्या पियानोत उंदीर राहायचा.
तो गेला. आता एकदा बघून जाता का?"

ठाण्यात बंब एकच.
गुरुवारी संध्याकाळी तो बाहेर उभा करतात
कारण गुरुवारी आत वाद्यं येतात.
व्हर्लिन होटोव्ही करवत वाजवतो,
तीच, जिनं दिवसा फळ्या कापतो.
डोलोरेस सेडलाचेककडे वॉशिंग मशिनचं झाकण
आणि दोन लाकडी चमचे.
एक पोरगा बाटल्या फुंकतो,
कुठल्या बाटलीत किती पाणी, ते त्याचं त्यालाच ठाऊक.
पियानोवर अर्नेस्टीन क्रिझ, वय ब्याऐंशी,
बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी,
पण पडतात तिथेच पडतात.

दुपारी मी एकटाच होतो.
झाकण उघडलं तर आत बिऱ्हाड :
प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं, कणसाचे केस,
न लागलेली लॉटरीची तिकिटं.
आणि मधल्या सप्तकातली काळी पाच मुकी.
दाबली की नुसतं "ठप".
एक दांडी मोडलेली. दहा मिनिटांचं काम.
चोख केलं. बिलात वेगळी ओळ लिहिली,
बारा डॉलर.

संध्याकाळी थांबलो, कोलाचे मिळतील म्हणून.
जर्दाळूचे मिळाले.
पोल्का सुरू झाली.
तिसऱ्या ओळीच्या शेवटी अर्नेस्टीनचं बोट काळी पाचवर गेलं,
ती वाजली,
आणि अख्खं ठाणं अडखळलं.

कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता,
रोलंड ब्रेझिना,
ओठांशी बदकाच्या शिकारीची शिट्टी.
एकोणीस वर्षं त्या "ठप"च्या पाठोपाठ
तो एकदाच फुंकायचा. क्वॅक.
दुसरं काही त्याला येत नाही.
खरं तर तेही नीट येत नाही.
आज त्याचे गाल फुगले आणि तसेच राहिले.
त्याच्या वाटणीची जागा
मी परस्पर भरून टाकली होती.

कुणी काही बोललं नाही.
या भागात तक्रार करायची पद्धत नाही.
फार तर म्हणतात, "वेगळंच आहे हं हे,"
आणि कॉफी ओततात.
तसं चौघांनी म्हटलं.

मध्यंतरात अर्नेस्टीन माझ्याजवळ आली.
"काम सुरेख झालंय," ती म्हणाली,
"आता बिघडवायचे किती घ्याल?"

तीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.
गुडघे टेकले. तारांमध्ये फेल्टची पाचर ठोकली,
वर उंदराच्या प्रार्थनेचं एक पान घडी करून दाबलं.
दाबून पाहिली. ठप.
अजून थोडी. ठप.
"जरा ओली हवी," डोलोरेस म्हणाली.
ओली म्हणजे काय, ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही,
पण जमली.

ठप.
क्वॅक.
पोल्का पुढे गेली, जणू मध्ये मी आलोच नव्हतो.
रोलंडनं शिट्टी रुमालात पुसली,
पुढच्या ओळीची वाट बघत बसला.

जोडायचे बारा, तोडायचेही बारा.
नाण्यांत मिळाले, वर अर्धा पाय, चेरीचा.

निघताना पंपावर तेल भरलं.
वारा सुटला होता, आणि कॅटफिशची डावी मिशी
बारीक आवाजात गुणगुणत होती.
सवयीनं कान लावला :
पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मध्ये कुठेतरी.
हातोडी डिकीतच राहू दिली.