दातांच्या दवाखान्यापासून

फेअरबँक्स. वजा अडतीस.
इथं रात्री गाडीलाही वायर जोडून झोपवतात,
नाहीतर सकाळी इंजिनाचा दगड.
छावणीच्या या दवाखान्यात माझ्या वाट्याला
फोन, हीटर आणि एक पडदा:
पुढची मोकळी वेळ नऊ आठवड्यांनी, मंगळवारी.

नऊ आठवडे मी हळू आवाजात सांगते,
जणू माझ्याच हातून काही सांडलंय.
पलीकडचं माणूस म्हणतं, "बरं."
ते "बरं" मला घरी जाईपर्यंत पुरतं.

परवा डेल्फिना नावाच्या बाईचा फोन.
"नवऱ्यासाठी नाही हं. तो ठणठणीत आहे.
जेवतो, ड्यूटीला जातो.
फक्त झोपतो बाथटबमध्ये. कोरड्या. दार लावून.
मुलगा सहा वर्षांचा,
तो आता उशी घेऊन दाराबाहेर पहारा देतो.
मुलांसाठी कुणी आहे का?"
मुलांच्या डॉक्टर अँकरेजला.
साडेतीनशे मैल,
रस्ता उघडा असला तर.

आमच्याकडे येणारे गाडी आमच्यासमोर लावत नाहीत.
पलीकडे दातांचा दवाखाना आहे, तिथं लावतात.
दाढ दुखली म्हणून कुणाची बढती अडत नाही.
मग टोपी कानांवर ओढून
मैदान तुडवत आमच्या दाराशी.
पण बर्फ चहाडखोर.
बुटांचे ठसे तिथून निघतात ते थेट इथंच.
दहाच्या सुमारास मी खराटा घेऊन बाहेर पडते.
कुणी विचारलंच तर:
पायरी निसरडी झाली होती.

आज एक वेळ रिकामी झाली. गुरुवार, आठ दहा.
का, ते पडद्यावर येत नाही.
बदली झाली असेल, असं मी धरून चालते.
फोन लावला. म्हटलं, "वेळ मोठ्यांसाठी आहे."
बराच वेळ नुसता नळाचा आवाज.
"आणि त्यांना सांगा, गाडी इथंच लावा.
आमच्या दारातही प्लग आहे."
"बघते," म्हणाली.

गुरुवार. आठला पाच कमी.
प्लग तसाच लोंबतोय.
दातांच्या दवाखान्यापासून ठशांची एक रांग,
मोठे, जड, मध्ये एका जागी थबकलेले,
आणि त्यांच्या पुढे पुढे
छोट्या बुटांचे.

दहा वाजले.
खराटा कोपऱ्यात.
सव्वादहा.