खड्ड्यांची यादी

पडदा लावायला स्टुलावर चढल्या एनिडबाई
आणि पडल्या. खुब्याचं हाड.
ताप नाही, खोकला नाही,
तरी हेब्डन ब्रिजच्या त्या चढावरच्या दारात आम्ही दोघी
नखशिखांत प्लास्टिकमध्ये,
दुकानातून आत्ताच आलेल्या सोफ्यासारख्या.
माझ्या एप्रनवर बेथनीनं मार्करनं लिहिलं होतं, माया.
मृण्मयी मावलं नसतं.

नियम सांगायचं काम माझ्याकडे.
नवऱ्याला गाडीत घेता येत नाही.
हॉस्पिटलच्या दारापर्यंतही नाही.
वॉल्टर बोलले नाहीत काही.
आत गेले, सँडविचच्या पिशवीत तिचा चष्मा आणला,
सहा फुटांवर फरशीवर ठेवला
आणि नैवेद्य ठेवून सरकावं तसे मागं सरकले.
मग विचारलं, कुठल्या रस्त्यानं नेणार?
सॉवर्बी ब्रिजवरून.

एकतीस वर्षं त्यांनी त्याच रस्त्यावर बस हाकली होती.
वीजबिलाच्या पाकिटामागं लिहून काढलं सगळं,
आणि कागद घेता येत नाही म्हटल्यावर
ते पाकीट बाहेरून पुढच्या काचेला टेकवून धरलं:
मिथमरॉयडला पुलानंतर डावीकडे गटाराचं झाकण.
लडेंडन फूटला चर्चसमोर, रुंद.
चिप्सच्या दुकानापाशी दोन, लागोपाठ.
बेथनी ओठ हलवत पाठ करत राहिली.

मधली खिडकी बंद. पंखा चालू.
माझा श्वास माझ्याच काचेवर.
"तू दिसतेस कशी गं?"
सावळी, म्हटलं, नाक जरा मोठं.
त्या हसल्या, आणि हसण्यानंच कळ आली.
हात धरला. दोन हातमोजे, एकावर एक;
कोण कुणापासून कुणाला जपतंय
काही कळत नव्हतं.
गाडी हळू झाली.
"चर्च आलं," डोळे मिटूनच म्हणाल्या.
"तो इथंच हळू करायचा."

त्यांना आत नेलं. दार लागलं.
मग चाळीस मिनिटं क्लोरीन.
स्ट्रेचर, पट्टे, कड्या, छतसुद्धा,
जिथं हात पोचत नाही, पण खोकला पोचतो.
चष्म्याची पिशवी दिली होती ना? दिली होती.
दोनदा विचारलं मी बेथनीला.

परतताना गाडी रिकामी, ओली.
चिप्सच्या दुकानाचं शटर खाली.
खड्डे तर पलीकडच्या बाजूला होते,
तरी बेथनीनं गियर उतरवला,
एकदा, आणि लगेच पुन्हा.
मी काही बोलले नाही.

रेडिओवर पुढचा पत्ता आला.
तो रस्ता आम्हाला पाठ नव्हता.