गायधनींचा खांब

गंगापूर धरणाच्या फुगवट्यात एक खांब,
बाकी सगळं पाणी.
गायधनींचा हा फोटो फोनवर उघडा ठेवून
पहाटे तोच खांब शोधला.

माझ्या चौकटीत आली पंपाची पाइपलाइन,
द्राक्षबागेचं निळं प्लास्टिक,
डोंगराची शेंडी.
डावीकडे सरकलो, पाइप सुटला, डोंगर राहिला.
उजवीकडे, तर पाइप परत.

शेवटी बूट काढून उतरलो,
गुडघाभर गाळ, कॅमेरा हनुवटीशी.
चार पावलांवर
सगळं पाठीमागे राहिलं.

त्यांच्या त्या कोऱ्या पाण्याखाली
एवढा चिखल असेल
असं वाटलं नव्हतं.

खांबावर पाणकावळा बसलेला,
त्यांच्या फोटोत नसलेला.
उडेल म्हणून थांबलो.
पाय बधिर झाले,
तो पंख वाळवत
बसला तो बसलाच.