मंगळवार, समाजमंदिर, वडारवाडी

पत्र्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे,
हजेरीची वहीसुद्धा.
विषयाच्या रकान्यात मी लिहिते 'प्रतिबंध'
आणि पोरं विचारतात, ताई, म्हणजे बंदी का?

पहिल्या मंगळवारी संस्थेचा तक्ता लावला :
काळं फुफ्फुस, गुलाबी फुफ्फुस.
दुर्गेश अळकुंटे म्हणाला, काळं भारीये.
हसले सगळे. मीही.
त्याच्या बाहीला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास होता,
तो मी वहीत लिहिला नाही.

मग एकदा सायन्ना विटकर आले,
न बोलावता, हातोडी घेऊन.
सेनापती बापट रस्ता पुन्हा खणलेला,
तिथनं एक काळा दगड उचलून आणला होता.
ठोकला. कान लावा, म्हणाले.
धड दगड खणखणतो,
आत चीर असली की बद्द.
बाहेरून दोन्ही सारखेच.
आणि चिरेला आपल्या बोलीत काय म्हणतात तेही सांगितलं,
तो शब्द माझ्या आईला येत होता.
मला नाही.

मग अर्धा तास नुसती ठकठक.
पायरी, ओटा, नळाचा कट्टा.
दुर्गेशनं शेवटी स्वतःच्या बरगडीवर टिचकी मारली
आणि कुणाकडे बघितलं नाही.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही.
त्याच्या नावापुढं 'गैरहजर' लिहायला
पेन टेकवला, उचलला.
चहा बाराच सांगितला.

सायन्नांचा दगड इथंच असतो.
दाराला तोच लावतो आम्ही,
वाऱ्यानं मिटू नये म्हणून.